साभार परत, वाचकाच्या दारातून

मराठीत लिहिणाऱ्या माणसाला ‘साभार परत’ या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कथा किंवा कविता संपादकाकडे जाई, त्याला ती रुचत नसे, आणि आपणच तिकीट लावून पाठवलेल्या पाकिटातून ती घरी येई. सोबत या दोन शब्दांची चिठ्ठी असे. लेखकाच्या उमेदवारीतला तो एक संस्कारच होता. प्रस्तुत टिपणात आम्हांला ज्या परतीविषयी लिहायचे आहे तिची दिशा मात्र उलटी आहे. संपादकाने पाठवलेला अंक वाचकाच्या दारातून संपादकाकडे माघारी येतो, आणि त्यावर ‘साभार’ असे काही लिहिलेले नसते.

आमच्या विभागाचे एक छोटे त्रैमासिक आहे. पूर्वी ते छापून टपालाने जाई. आता ई-पत्राने जाते. यादीत हजाराच्या वर नावे आहेत : माजी विद्यार्थी, आसपासच्या महाविद्यालयांतले सहकारी, ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक, परदेशी स्थायिक झालेले काही वाचक. अंक रवाना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ‘मेलर-डीमन’ नामक प्रेषकाकडून आलेली पत्रे आमच्या पेटीत साचलेली असतात : अमुक पत्ता सापडला नाही, तमुक पेटी भरली आहे, अमक्या ठिकाणी प्रवेश नाकारला. कित्येक वर्षे आम्ही ती न वाचता पुसून टाकत होतो. मग एका दिवाळीच्या सुट्टीत आम्हांला स्वच्छतेचा उत्साह आला, आणि ज्या ज्या पत्त्यावरून काही माघारी आले होते ती सारी नावे, सव्वाशेच्या आसपास, आम्ही एका दुपारी यादीतून काढून टाकली. माळा आवरल्याचे समाधान मिळाले.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, “अंक बंद केलात का हो? की माझंच काही चुकलं?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याने आम्ही ओशाळलो. चौकशीअंती कळले की नातवंडांच्या छायाचित्रांनी त्यांची पेटी काही दिवस भरून गेली होती. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याने ती रिकामी करून दिली. तोवर आम्ही त्यांना वाचकांतून वजा केले होते. उरलेल्या सव्वाशेंत असे आणखी किती होते, हे आम्हांला आजही सांगता येत नाही, कारण नावांबरोबर नावे काढण्याची कारणेही आम्ही पुसली होती.

या अनुभवातून आमचे जे मत बनले ते असे : माघारी आलेले पत्र हा वाचकाविषयीचा निरोप असतो आणि तो वाचल्याखेरीज नाव खोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. नाव कधीच खोडू नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. खोडणे कित्येकदा कर्तव्यच असते. पण ते कर्तव्य डोळे उघडे ठेवून करायचे आहे.

आधी शब्दाचा प्रश्न. इंग्रजीत या प्रकाराला ‘बाउन्स’ म्हणतात. चेंडू भिंतीवर आपटून उसळतो तसे पत्र उसळते, ही त्यामागची कल्पना. मराठीत ‘उसळलेले पत्र’ म्हटले तर हसू येईल. धनादेश उसळत नाही, तो ‘वटत’ नाही. त्या चालीवर ‘न वटलेले पत्र’ म्हणता येईल, पण त्यात वाचकाच्या खात्यात काही शिल्लक नाही अशी कुत्सित छटा येते. म्हणून आम्ही ‘माघारी आलेले पत्र’ हाच साधा प्रयोग पसंत करतो. सासरहून माघारी, वारीहून माघारी या ओळखीच्या प्रयोगांत माघारी येणाऱ्याबरोबर काही ना काही वार्ता येतेच.

जुन्या टपालात ही वार्ता पाकिटावरच लिहिलेली असे. पोस्टमन पत्र परत आणी तेव्हा कोपऱ्यात त्याचा शेरा असे : ‘पत्ता अपुरा’, ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही’, ‘दार बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘मयत’. एकेका शेऱ्यावर पुढची कृती ठरे. दार बंद असेल तर पुन्हा पाठवायचे, पत्ता अपुरा असेल तर शोधायचा, नकार असेल तर मान राखून थांबायचे. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर पत्र टपाल खात्याच्या परत-पत्र कार्यालयात जाई. त्याचे जुने नाव ‘डेड लेटर ऑफिस’, म्हणजे मृतपत्र कार्यालय. पत्र उघडून आतल्या मजकुरावरून प्रेषकाचा माग काढणे हे तिथल्या नेमलेल्या कर्मचाऱ्यांचे काम. परक्याचे पत्र उघडण्याची मुभा दिली जाई ती ते योग्य माणसाच्या हाती परत जावे एवढ्यासाठीच.

पत्त्यांच्या या गोंधळावर भारतात जो मोठा उपाय निघाला त्याच्या मागे एक मराठी संस्कृत पंडित होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना फारशी माहीत नसते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी सहा आकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला तो त्यांच्या पुढाकाराने. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ या आकड्याने सुरू होतात हे आपण जाणतो; त्या आकड्याच्या मागे भाषेच्या नि नावांच्या घोळाची जाण असलेला एक साहित्यिक बसलेला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पत्ता नीट असावा ही काळजी कारकुनी आहे, साहित्यिकाने तिच्यात पडू नये, असे मानणाऱ्यांना वेलणकरांचे उदाहरण पुरे व्हावे.

ई-पत्राच्या व्यवस्थेतही शेरे आहेत. ते आकड्यांत असतात म्हणून आपण वाचत नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये या व्यवहाराचे जे नियम लिहिले त्यांतच मूळ भेद केलेला आहे. पत्र घेणाऱ्या संगणकाचे उत्तर ४ ने सुरू झाले तर अडचण तात्पुरती समजायची. ५ ने सुरू झाले तर कायमची. ४५० म्हणजे सध्या पेटी उपलब्ध नाही, नंतर या; ५५० म्हणजे पेटीच नाही, किंवा आत घेणार नाही. तात्पुरत्या अडचणीत पाठवणाऱ्या संगणकाने थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करावा, आणि हात टेकण्यापूर्वी निदान चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, असे २००८ च्या सुधारित नियमांत म्हटले आहे. यंत्र चार-पाच दिवस दारात उभे राहते, आणि आम्ही एम.ए. झालेली माणसे एका दुपारी सव्वाशे नावे खोडतो. यंत्रयुगातल्या अधीरतेवर वर्गात बोलताना हे आम्हांला आठवत राहते.

शिवाय आकडाही नेहमी अंतिम सत्य सांगत नाही. भरलेल्या पेटीसाठी कोणी ४ ने सुरू होणारे उत्तर देतो, कोणी ५ ने. म्हणून आकड्याशेजारचा मजकूरही वाचावा लागतो. आमच्या शिक्षकांच्या बाबतीत तो मजकूर वाचला असता तर ‘पेटी भरली आहे’ हे त्यात लिहिलेले आढळले असते.

या व्यवस्थेतली दुसरी समजून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे पत्र आणि पाकीट यांची फारकत. येथे चांगदेवांची आख्यायिका आठवावी. ज्ञानदेवांना पत्र लिहायला ते बसले, पण मायना काय लिहावा हे ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार करावा? अखेर त्यांनी कोरा कागद पाठवला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. कागदावर अक्षर नव्हते तरी पत्र पोहोचले, कारण नेणाऱ्याला कुठे जायचे आणि उत्तर कुठे आणायचे हे ठाऊक होते. ई-पत्रातही संपादकाचे नाव पत्राच्या माथ्यावर असते, पण परतीचा पत्ता वेगळा, पाकिटावर असतो. पाकीट वाचकाला दिसत नाही. माघारी येणारे पत्र त्या पाकिटावरच्या पत्त्यावर येते. डॅनिअल बर्नस्टाइन या संगणकतज्ज्ञाने १९९७ मध्ये या सोयीचा मोठा चतुर उपयोग सुचवला. यादीतल्या प्रत्येक वाचकाच्या प्रतीवर परतीचा पत्ता निराळा घालायचा, म्हणजे कोणती प्रत माघारी आली हे पत्त्यावरूनच कळते. याची गरज अशी : वाचकाने जुन्या पत्त्यावरचे टपाल नव्या पत्त्याकडे वळवलेले असते, नवा पत्ता बंद पडला की माघारी येणाऱ्या पत्रात ते नवे नाव असते, आणि ते आपल्या यादीत कुठेच सापडत नाही. अंदाजाने भलत्याचे नाव काढले जाते. आणखी एक नाजूक नियम आहे. माघारी येणाऱ्या पत्राच्या पाकिटावर परतीचा पत्ता कोरा ठेवतात, म्हणजे तेही पोहोचले नाही तर त्याच्याविषयी पुन्हा पत्र निघत नाही आणि तक्रारींचे रहाटगाडगे थांबते.

मोजणीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. मोठ्या यादी सांभाळण्यासाठी अनेक संस्था ‘मेलमन’ नावाची मुक्त प्रणाली वापरत आल्या आहेत. तिच्या मूळ रचनेत कायमच्या नकाराला १ गुण आणि तात्पुरत्या अडचणीला ०.५ गुण मिळतो, तोही दिवसाला एकदाच. बेरीज ५ वर गेली की त्या वाचकाचे टपाल थांबते, पण नाव लगेच जात नाही. सात-सात दिवसांच्या अंतराने तीन स्मरणपत्रे जातात आणि मग नाव निघते. मध्यंतरी सात दिवस काही माघारी आले नाही तर जुना हिशेब विसरला जातो. या रचनेतला न्याय आम्हांला भावतो : एका चुकीवर शिक्षा नाही, दोषाच्या प्रकारानुसार तोलमाप आहे, आणि शिक्षेआधी सूचना आहे. मात्र हे आकडे रोज पत्रे जाणाऱ्या यादीसाठी योग्य आहेत. त्रैमासिकाने ते जसेच्या तसे उचलले तर एका अंकाचा गुण पुढच्या अंकापर्यंत केव्हाच विसरला जाईल आणि मृत पत्ताही यादीत अमर होईल. आपल्या नियतकालिकाचा ताल ओळखून मोजणी अंकांत केली पाहिजे, दिवसांत नव्हे.

आणि दोष वाचकाकडे असतो हे तरी कशावरून? एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या नावाची बनावट पत्रे रोखण्यासाठी कडक धोरण लागू केले : याहूच्या पत्त्यावरून निघालेले म्हणवणारे पत्र याहूची खूण पटवू शकले नाही तर घेणाऱ्याने ते नाकारावे. हेतू योग्यच होता. पण एखाद्या यादीवर याहूच्या सभासदाने पत्र लिहिले की ते यादीच्या संगणकावरून सगळ्यांना जाई, खूण पटत नसे, आणि जीमेलसारख्या सेवा ते परत करत. यादीच्या हिशेबात तो दोष लिहिला जाई तो पत्र घेऊ न शकलेल्या निरपराध सभासदांच्या नावावर. लिहिणारा तिसराच, नियम चौथ्याचा, आणि टपाल थांबले भलत्यांचे. हे ज्यांना ठाऊक आहे ते माघारी आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून ‘वाचक गेले’ असे म्हणण्याआधी थोडे थांबतील. एकाच दिवशी एकाच सेवेवरचे पुष्कळ पत्ते परत आले तर दोष बहुधा आपल्याकडे किंवा वाटेत असतो.

कधी तर तो आपल्या हस्ताक्षरात असतो. आमच्या यादीतली कितीतरी नावे स्नेहसंमेलनातल्या नोंदवहीवरून उतरवलेली होती. मराठी आडनाव रोमन लिपीत लिहिताना ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू, ‘क्ष’चे तीन प्रकार होतात, शिंदे आणि शेंडे यांत एका स्वराचे अंतर राहते. अशा पत्त्यावरून पत्र परत आले तर नशीबच म्हणायचे. ते दुसऱ्याच कुणा शेंड्यांकडे मुकाट पोहोचत राहिले तर चूक कधीच कळत नाही.

आता ‘मयत’ या शेऱ्याविषयी. यंत्राच्या शेऱ्यांत तो नाही, आणि असणेही शक्य नाही. माणूस गेल्यावरही त्याची पेटी टपाल घेत राहते. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकली जातील. याचा अर्थ असा की आपला अंक गेलेल्या माणसाच्या पेटीत दोन-दोन वर्षे बिनतक्रार जमा होऊ शकतो, आणि नंतर एका सकाळी ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ असे उत्तर येते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले. पत्र माघारी आले म्हणून त्याच्या वर्गमित्राला विचारले, तेव्हा तो जाऊन बराच काळ लोटल्याचे कळले. आम्ही त्याला पाच-सहा अंक पाठवले होते. नाव पुसून मोकळे झालो असतो तर ही बातमी आम्हांला कदाचित कधीच मिळाली नसती. पुढच्या अंकात त्याच्यावर चार ओळी छापता आल्या. त्याच्या आईंना त्या अंकाची छापील प्रत पाठवली. यंत्राने एवढेच सांगितले की दार उरलेले नाही. त्या दारामागे कोण होते हे विचारणे आमचे काम होते.

मग नावे ठेवूनच का देऊ नयेत? ‘यादीत हजार वाचक’ असे संपादकीयात लिहायला बरे वाटते. पण मेलेले पत्ते जपणे हाही वाचकांवर अन्यायच आहे. टपाल घेणाऱ्या सेवा पाठवणाऱ्याची पत जोखतात. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवर जो वारंवार पत्रे पाठवतो तो घाऊक जाहिरातवाला समजला जातो आणि त्याची चांगल्या पत्त्यांवर जाणारी पत्रेही कचऱ्याच्या कप्प्यात पडतात. काही जुने, बंद पडलेले पत्ते मुद्दाम सापळे म्हणून पुन्हा जिवंत केलेले असतात. याहूने २०१३ मध्ये वापरात नसलेली खातेनावे नव्या लोकांना देऊ केली होती. तेव्हा जुन्या धन्याचे टपाल नव्या धन्याच्या हाती पडल्याच्या तक्रारी झाल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर टपाल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले : ओळख पटवणाऱ्या खुणा हव्यात, एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी. खोटा फुगवटा जपणाऱ्या संपादकाचे खरे वाचक त्या फुगवट्यापायी तुटतात.

म्हणून आम्ही आमच्यापुरते काही नियम घालून घेतले आहेत. कायमचा नकार आला तर त्या पत्त्यावर पुढचा अंक पाठवायचा नाही; पण नाव ठेवायचे, समोर कारण आणि तारीख लिहायची. मग दुसऱ्या वाटेने, दूरध्वनीने, वर्गमित्राकडून किंवा सरळ पोस्टकार्डाने, एकदा विचारायचे. पुढच्या दोन अंकांपर्यंत काहीच कळले नाही तर नाव यादीतून काढून जुन्या नोंदवहीत ठेवायचे. तात्पुरती अडचण असेल तर सलग तीन अंक वाट पाहायची. एकाच सेवेवरचे बरेच पत्ते एकदम परत आले तर त्या दिवशी कोणाचेही नाव काढायचे नाही. आणि वाचकाने स्वतःहून नाव काढायला सांगितले तर त्याच दिवशी काढायचे, का म्हणून विचारायचे नाही. ‘घेण्यास नकार’ या शेऱ्याचा मान सर्वांत मोठा.

यावर आमच्याच एका सहकाऱ्यांचा आक्षेप आहे की हे सगळे यंत्राकडे सोपवावे. प्राध्यापकांना उत्तरपत्रिका, अहवाल, बैठका यांतून वेळ कुठे आहे? आक्षेप खोटा नाही. मोजणी, थांबणे, पुन्हा प्रयत्न करणे ही कामे यंत्र आमच्यापेक्षा चांगली करते. ती त्याच्याकडेच असावीत. पण पहिली साफसफाई नीट झाल्यावर एका अंकामागे जी माघारी पत्रे उरतात ती दहा-पंधराच्या वर जात नाहीत, असा आमचा अनुभव आहे. एवढ्या पत्रांमागची माणसे शोधायला एक दुपार पुरते. या वर्षी आम्ही हे काम एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांकडे सोपवले, अर्थात पत्ते बाहेर जाणार नाहीत अशी कडक ताकीद देऊन. वाचक या संकल्पनेवर आम्ही त्यांना पुष्कळ सिद्धान्त शिकवतो, प्रत्यक्ष वाचकाला “अंक पोहोचतो का?” असे विचारण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला.

त्या निवृत्त शिक्षकांचे नाव पुन्हा यादीत आले आहे. हुकलेले तिन्ही अंक आम्ही छापून त्यांना टपालाने पाठवले, सोबत क्षमापत्र जोडले. त्यांनी उत्तरात मुद्रणदोषांची यादी धाडली, पृष्ठ आणि ओळ यांसह, एकूण सतरा. उरलेल्या सव्वाशे नावांपैकी जेवढी आठवतात तेवढी जुन्या नोंदवह्यांतून शोधण्याचे काम सध्या चालू आहे. आपल्या महाविद्यालयात, मंडळात, वाचनालयात अशी एखादी यादी असेल, तर पुढच्या खेपेला माघारी आलेली पत्रे पुसण्यापूर्वी ती एकदा वाचावीत, एवढीच विनंती.